आंबोलीच्या उतारावर पुढचा ब्रेक

कोल्हापूरहून सावंतवाडीला दुचाकीने जायचं तर साधारण १३० किलोमीटरची वाट आहे. निपाणीपर्यंत मोठा महामार्ग, तिथून उजवीकडे वळून उत्तूर, आजरा, मग आंबोली आणि शेवटी घाट उतरून कोकण. उन्हाळ्यात कोणीही सहज करावी अशी ही सफर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हाच रस्ता तुमच्या गाडीची आणि तुमच्या हाताची परीक्षा घेतो. तरीही जायचं तर तेव्हाच, कारण आंबोली पाहायची ती पावसात. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं हे गाव इतर वेळी नुसतंच थंड हवेचं ठिकाण असतं.

तुम्ही बेळगावात राहत असाल तर तुमचा घाट चोर्ल्याचा असेल, शिमोग्याकडे असाल तर आगुंब्याचा. नावं बदला, पुढचं सगळं तुमच्याही उपयोगाचं आहे. मी आंबोलीची वाट निवडली, कारण पावसाळ्यात रस्ता जितक्या प्रकारे निसरडा होऊ शकतो ते सगळे प्रकार या एका वाटेवर ओळीने भेटतात.

आपल्या घराघरांत दुचाकी शिकवताना एक उपदेश हमखास होतो. "पुढचा ब्रेक अजिबात लावायचा नाही हं, पालथा पडशील!" वडील मुलाला सांगतात, दादा ताईला सांगतो, आणि ताई लग्नानंतर स्कूटर शिकणाऱ्या जावेला. या उपदेशाचं मूळ बहुतेक सायकलीत आहे. उतारावर पुढचा ब्रेक कचकन दाबून हँडलवरून पुढे फेकलं गेलेलं एक तरी पोर प्रत्येक गल्लीत असतं. भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. त्या पोराने पुढचा ब्रेक लावला म्हणून ते पडलं नाही, तो एकदम लावला म्हणून पडलं.

एस.टी.त उभ्याने प्रवास केला असेल तर आठवा. ड्रायव्हरने ब्रेक लावला की उभे असलेले सगळे पुढच्याच्या अंगावर जातात. दुचाकीचंही तेच होतं. वेग कमी होऊ लागला की तुमचं, मागे बसलेल्याचं आणि गाडीचं वजन पुढच्या चाकावर झुकतं. त्यामुळे पुढचं चाक रस्त्यावर जास्त घट्ट दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढच्या ब्रेकला करावं लागतं ते यामुळे. फक्त मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवली की गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते, आणि आधीच हलकं झालेलं मागचं चाक अडकून घसरायला लागतं. पावसात दुचाकी 'मागून फिरली' असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा नेमकं हेच झालेलं असतं.

कोल्हापूर सोडून कागलच्या पुढे निघालात की महामार्ग सरळ, रुंद आणि फसवा आहे. फसवा अशासाठी की इथे वेग कळत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आडवं आलं हे डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंतच हे १७ मीटर संपलेले असतात, ब्रेक लागायची सुरुवात त्यानंतर. शिवाय वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ओल्या रस्त्यावर ते अंतर आणखी लांबतं. म्हणून पावसात पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा पाण्याचा फवारा तुमच्या हेल्मेटच्या काचेवर येत असेल, तर तुम्ही त्याच्या फार जवळ आहात एवढं समजायचं.

महामार्गावरचा दुसरा धोका पायाखालच्या रंगात आहे. पांढरे पट्टे, झेब्रा पट्टे, पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या हे सगळं कोरडं असताना निरुपद्रवी असतं आणि भिजलं की साबणासारखं होतं. त्यांच्यावरून जायला हरकत नाही. त्यांच्यावर असताना ब्रेक लावायचा नाही आणि गाडी कललेली ठेवायची नाही. पट्टा यायच्या आधी वेग कमी करायचा, पट्टा सरळ ओलांडायचा. आणि पहिल्या पावसाला जास्तच मान द्या. महिनोन्‌महिने रस्त्यावर सांडलेलं ऑइल, टायरचा चुरा आणि धूळ त्या पहिल्या सरीत वर तरंगते. चांगला तास-दोन तास धो धो कोसळून गेल्यावर रस्ता धुतला जातो, त्या आधीचा भुरभुर पाऊसच जास्त पाडतो.

निपाणीला वळलात की महामार्गाचा गोंगाट मागे राहतो. उत्तूर, आजरा ही भाताची आणि उसाची गावं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ तुम्ही खाल्ला नसेल तर येताना किलोभर घ्या, शिजताना घरभर वास सुटतो. पण तोच तांदूळ पिकवणारी शेतं जुलैत रस्त्यावर वेगळंच काही आणून टाकतात. रोपलावणीच्या दिवसांत चिखलणी करून ट्रॅक्टर या शेतातून त्या शेतात जातात आणि जाताना चाकांचा चिखल ढेकळांनी डांबरावर सोडत जातात. वरून पाऊस पडला की त्या ढेकळांचं लोणी होतं. वळणावर पलीकडे शेत दिसलं, बांधावर ट्रॅक्टर दिसला, रस्त्याचा रंग काळ्याचा तपकिरी झाला, की चिखल पुढेच आहे.

अशा ठिकाणी ब्रेक कसा लावायचा याला माझं उत्तर सरळ आहे: तिथे लावायचाच नाही. चिखल सुरू व्हायच्या आधी, काळं डांबर अजून चाकाखाली असताना वेग उतरवायचा. चिखलात शिरल्यावर हँडल सैल धरायचं, रेस स्थिर ठेवायची, गाडी सरळ जाऊ द्यायची. त्या बाजूचे शेतकरी नवख्या माणसाला हात वर करून म्हणतात, "दमानं घ्या, पाव्हणं." त्या दमानं या शब्दात सगळं आलं. नुसतं हळू नव्हे, घाई न करता, आधीपासून.

आता तो 'आधीपासून' हाताला कसा शिकवायचा ते सांगतो, कारण घाट लागायला अजून तीसेक किलोमीटर आहेत आणि तिथे शिकायला वेळ मिळणार नाही.

पुढचा ब्रेक दोन टप्प्यांत दाबायचा असतो. पहिल्यांदा बोटांनी लीव्हर नुसता भरून घ्यायचा, म्हणजे त्यातला रिकामा खेळ संपतो आणि ब्रेक जेमतेम लागतो. त्याने वजन पुढच्या चाकावर सरकतं, टायर रस्त्यावर पसरतो. मग त्याच बोटांनी हळूहळू दाब वाढवत न्यायचा. भिजलेल्या कपड्यातून पाणी पिळताना हात जसा क्रमाक्रमाने आवळतो, तसा. हे सगळं मिळून एका सेकंदाच्या आत होतं, पण ते एकदम दाबण्यापेक्षा पूर्ण वेगळं असतं. त्याच वेळी पायाने मागचा ब्रेक हलका. कोरड्यापेक्षा ओल्या रस्त्यावर एकूणच ब्रेक हळुवार लागतो, वजन पुढे कमी सरकतं, म्हणून पावसात मागच्या ब्रेकचा वाटा थोडा वाढतो. पण पुढचा सुटत नाही.

याचा सराव घाटात करू नये. जवळच्या शाळेचं मैदान, रविवारी बंद असलेली औद्योगिक वसाहत, कुठेही मोकळी सपाट जागा बघा. आधी कोरड्यात, मग पाऊस पडून गेल्यावर, वीस-पंचवीसच्या वेगाने दहा-बारा वेळा थांबून बघा. मागे कोणाला न बसवता, हेल्मेट घालून. घरात मुलगा किंवा मुलगी नुकती गाडी चालवायला लागली असेल तर हा अर्धा तास त्यांच्याबरोबर घालवा. गाडी घेऊन देताना आपण रंगावर जेवढी चर्चा करतो त्याच्या पावपट वेळ पुरतो.

स्कूटर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचं आहे. सीबीएसच्या स्कूटरवर डावा लीव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. म्हणजे जे आयुष्यभर 'पुढचा नको' म्हणत आले, ते नव्या स्कूटरवर नकळत पुढचा लावतच असतात! एबीएसचं काम निराळं. चाक अडकायला आलं की ते ब्रेक क्षणभर सोडतं आणि पुन्हा धरतं, सेकंदात अनेक वेळा. तेव्हा लीव्हर हाताखाली थरथरतो. तो थरथरला म्हणून घाबरून हात सोडू नका, धरून ठेवा. पुष्कळ गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तुमच्याच पायावर अवलंबून असतं. आणि एबीएस चाक अडकू देत नाही, रस्त्याची पकड वाढवत नाही. शेवाळावर कललेली गाडी त्यालाही सावरता येत नाही.

आजरा सोडलं की दोन्ही बाजूंनी रान जवळ येतं. रस्त्याच्या आसपास कुठेतरी हिरण्यकेशी वाहत असते. ती आंबोलीतच उगम पावते आणि आपल्या उलट दिशेने, पूर्वेकडे निघालेली असते. नांगरतासचा धबधबा या वाटेवर आंबोलीच्या अलीकडे लागतो, थांबून पाहण्यासारखा आहे. इथून पुढे धुकं. कधी पन्नास मीटरवरची म्हैस दिसते, कधी दहा मीटरवरचीही नाही. धुक्यात नियम एकच ठेवा: जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. हेडलाइट खालच्या प्रकाशावर, कारण वरचा प्रकाश धुक्यावरून परत तुमच्याच डोळ्यांत येतो. मागच्याला तुम्ही थांबताय हे कळावं म्हणून ब्रेक दाबायच्या आधी एक-दोनदा हलका स्पर्श करून लाल दिवा चमकवा.

झाडांची सावली जिथे दिवसभर हटत नाही तिथे डांबराच्या कडेला शेवाळ धरतं. ते हिरवं दिसेलच असं नाही, पुष्कळदा नुसती काळी चकाकी असते. रस्त्याचा जो पट्टा चार चाकी गाड्यांच्या चाकांनी घासला जातो तो त्यातल्या त्यात स्वच्छ राहतो. त्याच पट्ट्यातून चला, अगदी कडेने नको आणि मधोमधही नको, कारण मधे ऑइलचे थेंब पडलेले असतात.

आंबोली बेडकांसाठीही प्रसिद्ध आहे. इथे सापडणाऱ्या एका भेकाला गावाचंच नाव मिळालं आहे. पावसाळी रात्री हे जीव, आणि त्यांच्यामागे साप, रस्त्यावर येतात. त्यांना वाचवायला अचानक हँडल वळवणं किंवा कचकन ब्रेक दाबणं म्हणजे स्वतःला पाडून घेणं. त्यांना वाचवायचा खरा उपाय म्हणजे अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचणं. घाट उतरायचाच असेल तर दिवसाउजेडी उतरा.

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे आणि सावंतवाडी जवळजवळ कोकणाच्या तळाशी. हा सगळा उतार पुढच्या तीसेक किलोमीटरमध्ये, आणि त्यातही बराचसा घाटाच्या वळणांतच संपवायचा असतो. इथे अनेक जण एक भयंकर बचत करतात. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, काही महाभाग इंजिनही बंद करतात. मग उतारावरचा सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक नको त्या वेळी मऊ पडतो. मागचा ड्रम ब्रेक तर लवकरच. दहा-वीस रुपयांच्या पेट्रोलसाठी एवढी जोखीम कशाला?

उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात आणि ते बरोबर आहे. इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं, ब्रेकला विश्रांती मिळते. गिअर उतरवताना क्लच मात्र झटकन सोडू नका. ओल्या रस्त्यावर तेवढ्यानेही मागचं चाक सरकतं. स्कूटरला हा आधार फारच कमी असतो, म्हणून स्कूटरवाल्यांनी वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवायचा, ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा लावून सोडायचा, आणि मधे एखाद्या रुंद जागी दहा मिनिटं थांबायचं. नाहीतरी पाहण्यासारखं इतकं आहे की थांबण्यासाठी निमित्त लागत नाही.

वळणावर येताना क्रम पक्का हवा. गाडी उभी आणि सरळ आहे तोवर ब्रेक, वेग उतरला की ब्रेक सोडायचा, मग गाडी कलवायची. टायरची पकड ही पाकिटातल्या पैशांसारखी असते. वळण्यावर खर्च केली तर थांबण्यासाठी कमी उरते. पावसात पाकीटच हलकं असतं. आणि तीव्र वळणांवर डिझेल सांडलेलं असतं, काठोकाठ भरलेल्या टाक्यांतून ते वळताना बाहेर येतं. रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले आणि रॉकेलसारखा वास आला तर कौतुक पुढे करा, आधी गाडी सरळ करा.

समोरून एस.टी. चढत येत असेल तर तिला वळणाची पूर्ण रुंदी लागते. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा घाटाचा जुना रिवाज आहे. तुम्ही अलीकडेच, सरळ भागात थांबून राहा.

आंबोलीचा मोठा धबधबा अगदी रस्त्याला लागून आहे. शनिवार-रविवारी तिथे भुट्ट्याच्या गाड्या, भिजलेली मुलं, माकडं, सेल्फी काढत मागे मागे सरकणारे तरुण, वाटेल तशा उभ्या केलेल्या गाड्या, असा सगळा संसार रस्त्यावरच मांडलेला असतो. आधीच्या वळणापासूनच चालण्याच्या वेगावर या. हात ब्रेकवर, पण दाबलेला नको. इथे माणसं तुमच्याकडे बघत नाहीत, ती धबधब्याकडे बघतात.

मागे बसणाऱ्यांसाठीही चार शब्द. ब्रेक लागला की तुमचं शरीर चालकावर आदळतं आणि त्याचे हात हँडलवर नको तेवढे दाबले जातात. म्हणून दोन्ही बाजूंना पाय टाकून, मागच्या दांडीला किंवा चालकाच्या कमरेला धरून बसा. रेनकोटचं टोक, ओढणी, साडीचा पदर चाकापासून वर बांधलेला असू द्या. आणि छत्री उघडून बसायचं नाही, कितीही जवळ जायचं असलं तरी. वाऱ्याच्या एका झोताने गाडीची दिशा बदलते आणि चालकाला कारणही कळत नाही. तुम्हाला वेग जास्त वाटत असेल तर सांगा. मागच्या सीटवरून तो नेहमी आधी कळतो.

आणि एवढं करूनही चाक अडकलंच तर? पुढचं अडकलं तर हँडल एकदम हलकं लागतं. बोटं ताबडतोब सैल करा आणि पुन्हा, अधिक हळुवार, दाबत न्या. मागचं अडकलं आणि गाडी अजून सरळ असेल तर पाय हलका करा. ती बाजूला सरकलेली असताना पाय झटकन उचलला तर चाकाला अचानक पकड मिळून गाडी उसळते आणि माणूस वरून फेकला जातो. नजर जिथे जायचंय तिथे ठेवा. दरीच्या कठड्याकडे बघाल तर गाडी तिकडेच जाते.

घाट संपला की दाणोली. साटम महाराजांच्या समाधीपाशी गाड्या थांबतात, तुम्हीही थांबा. हवा एकदम उबदार होते, रेनकोट नकोसा वाटतो, माती लाल होते. मन सैलावतं आणि वेग वाढतो, पण रस्ता इथेही सुटका देत नाही. जांभ्याची लाल माती पाण्याबरोबर डांबरावर येऊन तिचा पातळ, गुळगुळीत थर बसतो. सखल भागात पाणी साचलेलं असतं. पाण्यातून गाडी काढली की ब्रेक, विशेषतः ड्रम, आत भिजतात आणि पहिल्या दाबाला जवळजवळ काहीच लागत नाहीत. मागे-पुढे कोणी नाही असं पाहून हळू वेगात दोन्ही ब्रेक काही वेळ हलके धरून ठेवा. घासून ते सुकतात आणि नेहमीची पकड परत येते. रस्त्यावरचं पाणी किती खोल आहे ते दिसत नसेल किंवा ते वाहत असेल तर मात्र गाडी घालायचीच नाही, ओसरेपर्यंत चहा घ्यायचा.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाला गाडी लावलीत की लाकडी खेळण्यांच्या दुकानांकडे वळण्याआधी पाच मिनिटं गाडीला द्या. लाल चिखल डिस्कवर आणि पॅडच्या फटीत बसलेला असतो, त्यातली बारीक वाळू पॅड झिजवते. गाडी थंड झाल्यावर पाण्याने धुऊन काढा. लगेच हात लावू नका, घाट उतरलेली डिस्क चटका देते. पॅडची जाडी, मागच्या ब्रेकचा खेळ, टायरच्या खाचा एकदा बघून घ्या. गुळगुळीत टायरला खाली साठलेलं पाणी बाजूला सारता येत नाही. पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते असं काही जण सांगतात, त्यांचं ऐकू नका. कंपनीने सांगितली आहे तेवढीच हवा ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पहिल्यांदा ब्रेक दाबला की खर्र असा आवाज येईल. रात्रीच्या ओलाव्याने डिस्कवर गंजाचा पातळ थर चढलेला असतो, दोन-चार वेळा दाबलं की तो जातो. परतीला हाच घाट चढायचा असतो. चढणीवर ब्रेकचं काम कमी असतं, म्हणून त्या बाजूने आंबोली जास्त दिसते. सकाळी लवकर निघालात तर धबधब्यापाशी गर्दी नसेल.